दवाखान्याचे कारभारी

पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयाचा तळमजला, दुपारचे साडेतीन. ‘कॅशलेस’ अशी पाटी असलेल्या काउंटरमागे पंचविशीतली एक मुलगी बसली आहे आणि काउंटरपुढे एका पेशंटची सून उभी आहे. सासऱ्यांना सकाळी साडेनऊच्या राउंडला डॉक्टरांनी ‘आज घरी जा’ म्हणून सांगितलं. घरच्यांनी पिशव्या भरल्या, गाडी बोलावली. त्याला आता सहा तास झाले.

या सहा तासांत काय झालं ते त्या मुलीच्या स्क्रीनवर वेळेनिशी दिसतं. डिस्चार्ज समरी लिहिणारी निवासी डॉक्टर ओटीत अडकली, त्यामुळे समरी खाली यायला साडेअकरा वाजले. वॉर्डात उरलेली औषधं फार्मसीत परत जमा झाल्याशिवाय बिल बंद होत नाही आणि ती घेऊन जाणारा वॉर्डबॉय दुसऱ्या पेशंटला एमआरआयला घेऊन गेला होता. लॅबचा एक रिपोर्ट ‘पेंडिंग’ दाखवत होता. तो खरं तर आदल्या दिवशीच तयार होता, फक्त सिस्टीमवर चढवायचा राहिला होता. बिल साडेबाराला निघालं, एक वाजता टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेकडे गेलं. अडीचला तिकडून क्वेरी आली : रुग्णाला मधुमेह किती वर्षांपासून आहे आणि आयसीयूतला दुसरा दिवस कशासाठी? उत्तर मुख्य डॉक्टरांच्या सहीनं जायला हवं, आणि डॉक्टर तोवर स्वतःच्या क्लिनिकला निघून गेले होते. मंजुरी येईल ती ग्लोव्हज, ॲडमिशन किट वगैरेंचे पैसे वजा होऊन येईल. ती वजावट का, हे त्या सुनेला समजावणं हेही याच मुलीचं काम.

विमा नियामक आयआरडीएआयनं २९ मे २०२४च्या परिपत्रकात सांगितलं आहे की रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयानं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं भागधारकांच्या निधीतून भरायचे. नियम चांगला आहे. पण त्याचं घड्याळ सुरू होतं ते विनंती कंपनीकडे पोचल्यावर. साडेनऊ ते एक हे साडेतीन तास रुग्णालयाच्या पोटातले आहेत. ते कमी कसे करायचे हे शिकवणाऱ्या विद्येला रुग्णालय व्यवस्थापन म्हणतात, आणि या मुलीनं तीच विद्या दोन वर्षं शिकली आहे.

ती मूळची लातूर जिल्ह्यातली. बीएस्सीनंतर एका खाजगी विद्यापीठातून तिनं हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये एमबीए केलं. फी, वसतिगृह, जेवणखाण मिळून दहा लाखांच्या आसपास खर्च आला. वडिलांचं किराणा दुकान आहे. त्यामुळे जवळपास सगळी रक्कम कर्जाऊ. आज हातात पडतात २८ हजार रुपये. कॉलेजात शिकलेलं सगळं तिला आठवतं, रुग्णांच्या रांगांचं गणित, साठ्याचं नियोजन, खाटा भरण्याचं प्रमाण. डिस्चार्जला लागणारा वेळ कसा कमी करता येईल याचा एक तक्ताही तिनं करून वरिष्ठांना दिला आहे. तो अजून कुणी उघडून पाहिलेला नाही. ते सांगताना तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. पुढची फाईल तिनं समोर ओढली.

दिवाळी अंकांतल्या करिअरच्या लेखांत आणि कॉलेजांच्या माहितीपत्रकांत या पदवीचं वर्णन ‘वाढतं क्षेत्र’ असं असतं. क्षेत्र वाढतं आहे यात शंका नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर कुठल्याही शहराच्या वेशीवर नवं मल्टिस्पेशालिटी रुग्णालय उभं राहताना दिसेल. पण क्षेत्र वाढणं आणि त्या क्षेत्रात शिरणाऱ्या मुलाचं घर सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा हिशोब माहितीपत्रकात नसतो. तो आपणच मांडायला हवा.

समजा दहा लाखांचं कर्ज दोन वर्षांत पाच-पाच लाखांच्या दोन हप्त्यांत उचललं, व्याज साडेदहा टक्के. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष बँक परतफेड मागत नाही. पण व्याज त्या काळातही चढतच असतं. ते दरमहा भरलं नाही, तर परतफेड सुरू होताना कर्ज साधारण १२ लाख ६२ हजारांवर गेलेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला २१ हजारांच्या वर हप्ता बसतो. २८ हजारांत २१ हजारांचा हप्ता, वर पुण्यातलं कॉट बेसिसचं भाडं आणि मेस. हे जमणारच नाही, म्हणून बँक मुदत वाढवून देते. पंधरा वर्षं केली की हप्ता १४ हजारांवर येतो, घरच्यांना हायसं वाटतं. त्या पंधरा वर्षांत भरलेले एकूण पैसे मात्र २५ लाखांच्या पुढे जातात. शिवाय ही दोन वर्षं मुलगी एखाद्या बिलिंग काउंटरवर बारा-पंधरा हजारांवर काम करत असती, तर घरात आलेले तीनेक लाख या हिशोबात कुणी धरतच नाही.

हेच कर्ज चार लाखांचं असतं तर सात वर्षांचा हप्ता साडेआठ हजार. त्यात जगता येतं. म्हणून माझं मत सरळ आहे : पहिल्या वर्षाच्या पगाराएवढी रक्कम, फार तर त्याच्या आसपास, यापेक्षा जास्त कर्ज या पदवीसाठी काढू नये. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण आणि स्वतःचा वाटा मागत नाहीत. ती रेघ या पदवीपुरती आपणही पाळावी.

यावर कुणी म्हणेल, एमबीबीएसला तर याच्या कितीतरी पट खर्च येतो. येतो. पण डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळते, नर्सला नर्सिंग कौन्सिलची, फार्मासिस्टला फार्मसी कौन्सिलची. त्या नोंदणीशिवाय दुसऱ्या कुणाला ते काम करता येत नाही. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला असं कौन्सिल नाही. एमएचए (रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी) किंवा एमबीए नसलेल्या माणसाला व्यवस्थापक नेमू नका असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. जिल्ह्याच्या गावातल्या चाळीस-पन्नास खाटांच्या रुग्णालयात जाऊन पाहा. तिथला कारभार डॉक्टरांच्या पत्नी, भाऊ किंवा पंचवीस वर्षं जुना विश्वासू अकाउंटंट सांभाळतो, आणि पुष्कळदा चोख सांभाळतो. त्यांना ही पदवीधर मुलगी का घ्यावी हे पटवून द्यावं लागतं. ही पदवी म्हणजे परवाना नव्हे. ती कुठल्या दारापर्यंत नेते हे संस्थेवर, तिच्या इंटर्नशिपच्या रुग्णालयांवर आणि तुम्ही आधी काय शिकलात यावर अवलंबून आहे.

आधी काय शिकलात याला फार महत्त्व आहे. दिल्लीच्या एम्समधला रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम एमबीबीएस झालेल्यांसाठीच आहे. बाकीच्या संस्थांत कुठल्याही पदवीधराला प्रवेश मिळतो. पण वर्गात बसल्यावर दिसतं की बाकं दोन तऱ्हेच्या मुलांनी भरलेली आहेत. एक गट बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी झालेल्यांचा. दंतवैद्यकाची पदवी घेतली पण खुर्ची आणि यंत्रांसकट दवाखाना थाटायला पैसे नाहीत, आणि दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये मिळणाऱ्या पगारात भागत नाही, अशी मुलं इथे मोठ्या संख्येनं येतात. दुसरा गट बीकॉम, बीएस्सी, बीबीए झालेल्यांचा. पदवी एकच, पण नोकरी देताना रुग्णालय दोघांकडे वेगळ्या नजरेनं पाहतं. पहिल्या गटातल्या मुलीला केसपेपर वाचता येतो. औषधाचा डोस चुकलाय का, नोंद अर्धवट आहे का हे ती ओळखू शकते. तिला क्वालिटी विभाग मिळतो, वैद्यकीय समन्वयकाचं काम मिळतं. दुसऱ्या गटाच्या वाट्याला बिलिंग, फ्रंट ऑफिस, टीपीए, मार्केटिंग. तिथून वर चढता येतं, पण शिडी लांब आहे. एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर असं चढायला आठ-दहा वर्षं लागल्याचं मला भेटलेल्या बहुतेकांनी सांगितलं.

क्वालिटीचं काम काय असतं, ते नाशिकच्या एका रुग्णालयात पाहिलं. तिथली क्वालिटी एक्झिक्युटिव्ह बीडीएस झालेली. सकाळी ती वॉर्डात शिरली आणि पहिल्यांदा गेली ती कचऱ्याच्या डब्यांकडे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकता येणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. पिवळ्या पिशवीत तिला एक सलाईनची नळी दिसली. तिनं कुणाला झापलं नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरला बाजूला घेऊन, रात्री कोण होतं, नवीन मावशी आहेत का, त्यांना कुणी दाखवलं होतं का, एवढंच विचारलं. मावशी चार दिवसांपूर्वीच लागल्या होत्या, त्यांना कुणीच दाखवलं नव्हतं. मग क्रॅश कार्ट. हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठीची औषधं आणि साधनं ठेवलेली ती ढकलगाडी. कप्प्याचं सील तोडून तिनं ॲड्रेनॅलिनच्या अँप्यूलवरची तारीख वाचली, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते पाहिलं, नवं सील लावून वहीत सही केली. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. तो दिवा एखाद्या रात्री लागला नाही तर काय होईल, हे त्या वॉर्डातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रोज तो लावून पाहणारं माणूस मात्र नेमावं लागतं.

असं माणूस नेमायला खाजगी रुग्णालयं तयार झाली याला कारण एनएबीएच. भारतीय गुणवत्ता परिषदेखाली २००५मध्ये सुरू झालेलं हे मानांकन. त्याच्या मानकांच्या पाचव्या आवृत्तीत १० प्रकरणं, १०० मानकं आणि तपासून पाहता येतील असे ६५१ मुद्दे होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत एनएबीएच नसलेल्या रुग्णालयाला कमी दर मिळतो, त्यामुळे मालक-डॉक्टरांनाही मानांकन परवडू लागलं. या पदवीला गेल्या वीस वर्षांत जी बाजारपेठ मिळाली तिचा मोठा भाग या मानांकनानं आणि आरोग्यविम्यानं तयार केला आहे. राज्यातली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली, २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. योजनेतलं प्रत्येक रुग्णालय पूर्वमंजुरी मागवतं, कागद चढवतं, दावा करतं, नाकारला गेला तर पुन्हा लढतं. हा एक अख्खा नवा धंदा उभा राहिला आणि त्याला माणसं लागली.

एवढं लिहून थांबलो, तर हा लेख ‘कर्ज कमी काढा, बीडीएस असाल तर जा’ एवढ्यावरच संपेल. पण या विद्येकडे मी नुसता नोकरीचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही. २०२१ साल महाराष्ट्रानं विसरू नये. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती झाली, दाब उतरला आणि व्हेंटिलेटरवरचे, ऑक्सिजनवरचे २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत आग. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड आयसीयूत आग, ११ मृत्यू. या चारही ठिकाणी डॉक्टरांचं निदान चुकलं नव्हतं, औषध चुकलं नव्हतं. वायरिंग, अग्निसुरक्षेची तपासणी, ऑक्सिजनच्या टाकीची देखभाल, बाहेर पडायची वाट, रात्रीच्या ड्यूटीवरचं मनुष्यबळ ही सगळी प्रशासनाची कामं आहेत. पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप न लावता माणसं वाचवणारी आणि न केल्यास मारणारी कामं.

आणि ही कामं आपल्या सरकारी रुग्णालयांत कुणाच्या गळ्यात आहेत? जिल्हा शल्यचिकित्सकाच्या. ते शस्त्रक्रियेचं शिक्षण घेऊन आलेले असतात, नाहीतर स्त्रीरोगाचं, नाहीतर बालरोगाचं. त्यांना मंत्र्यांच्या दौऱ्यापासून शवविच्छेदनाच्या अहवालापर्यंत आणि औषधखरेदीपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत सगळं बघावं लागतं. ग्रामीण रुग्णालयात हेच वैद्यकीय अधीक्षकांचं. त्यांच्यातले कितीतरी जण जीव तोडून करतात. पण वीजभाराचं गणित, साठानियोजन, निविदेतल्या अटी हे त्यांना कुठे शिकवलं होतं? ज्या शल्यचिकित्सकाचे हात टेबलावर हवेत ते फायलींत अडकतात, आणि ज्या मुलामुलींनी फायलींचं शास्त्र शिकलं ती पुण्या-मुंबईच्या काउंटरवर बसून विम्याच्या क्वेरींना उत्तरं देतात. दोन्हीकडे नुकसान आहे.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर उभारावं असं म्हटलं आहे. एप्रिल २०२२मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं त्याची मार्गदर्शक सूचनाही काढली आणि त्यात तज्ज्ञ डॉक्टर, सार्वजनिक आरोग्य, आरोग्य व्यवस्थापन आणि अध्यापन असे चार वेगळे प्रवाह सुचवले. सध्या मात्र या मुलांसाठी सरकारी दार बहुतेक एकच आहे, राष्ट्रीय आरोग्य अभियान. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, गुणवत्ता समन्वयक अशी पदं तिथे असतात, पण कंत्राटी. त्यातही अनेक जाहिरातींत ‘वैद्यकीय पदवी आणि एमपीएच किंवा एमएचए’ अशी अट असते, म्हणजे बीएस्सी करून आलेल्या मुलीला अर्जच करता येत नाही. अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये संप केला, २०२५च्या ऑगस्टमध्ये पुन्हा केला. दहा वर्षं सेवा झालेल्यांना कायम करण्याचा शासननिर्णय १४ मार्च २०२४चा आहे आणि तो अमलात आणा एवढीच दुसऱ्या संपाची मुख्य मागणी होती. दहा-पंधरा वर्षं एखाद्या जिल्ह्याचं लसीकरण, बाळंतपणं, औषधसाठा यांचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं आणि धोक्याचंही. अशा माणसाला वरिष्ठाला ‘साहेब, हा कक्ष उद्यापासून बंद ठेवावा लागेल, वायरिंग धोक्याचं आहे’ असं सांगता येईल का? प्रशासकाच्या नोकरीला स्थैर्य लागतं ते यासाठी. भंडाऱ्याला आणि नगरला असं बोलू शकणारं कायम पद असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर आज देता येत नाही. पण असं पद प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावं, ही मागणी आरोग्याच्या अर्थसंकल्पावर बोलणाऱ्या प्रत्येकानं लावून धरायला हवी.

खाजगी रुग्णालयात या माणसाची परीक्षा वेगळ्या ठिकाणी होते. एप्रिल २०२५मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या नातेवाइकांनी आरोप केला की दाखल करण्याआधी दहा लाखांची अनामत मागितली गेली. दुसरीकडे प्रसूती झाल्यावर ती बाई गेली आणि शहर पेटून उठलं. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१च्या सुधारित नियमांनुसार राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलेलं असायला हवं, आणि तातडीच्या रुग्णाला पैशांपायी परत पाठवता येत नाही. सनद भिंतीवर असते. पण काउंटरवरच्या माणसाला व्यवस्थापनानं महिन्याचं टार्गेट दिलेलं असेल तर तो काय करील? वसुलीचं शास्त्र आणि सनदेचा अर्थ दोन्ही एकाच पदवीत शिकवले जातात. मला भेटलेल्या एका तरुणानं सांगितलं की कॉलेजात ‘रुग्णालयाची नीती आणि कायदा’ हा विषय एका सत्रात उरकला गेला, महसूल मात्र तीन सत्रं चालला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी हे प्रमाण बदलायला हवं.

आता पैशांच्या वाटांबद्दल. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, १९३६ची. तिथला एमएचए महाराष्ट्रातल्या जाणकारांत सर्वात मानाचा. प्रवेश सीयूईटी-पीजीमधून. खाजगी विद्यापीठांच्या मानानं फी कमी आणि प्रत्यक्ष रुग्णालयातलं काम भरपूर. पण अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची फी सुरुवातीला भरून घेण्यावरून तिथे २०१८च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला होता हेही लक्षात ठेवावं. शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि ती वेळेवर हातात पडणं यांत महिने जातात, तेवढी तजवीज घरात हवी. पुण्यात सिंबायोसिसचं आरोग्यविज्ञान महाविद्यालय आहे, प्रवेश स्नॅप परीक्षेतून. नाव मोठं, रुग्णालयांशी संबंध जुने, फी त्याच प्रमाणात. यांच्याखाली अनेक खाजगी संस्था आहेत, ज्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. राज्य सरकारनं जुलै २०२४मध्ये, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेतला तर मिळते. अभिमत आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत, व्यवस्थापन कोटाही. लातूरच्या त्या मुलीला हे तेव्हा मिळणार नव्हतं, पण तिच्या धाकट्या बहिणीला मिळू शकतं. काचेच्या इमारतीतल्या दहा लाखांच्या जागेपेक्षा सीईटी देऊन मिळालेली संलग्न महाविद्यालयातली जागा पुष्कळ घरांना जास्त मानवेल. कर्ज काढायचंच झालं तर नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आपली संस्था आहे का ते आधी पाहावं. यादीतल्या संस्थेला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलत आहे.

परदेशाची वाट थोडक्यात सांगतो, कारण ती थोड्यांचीच आहे. अमेरिकेत वैद्यकीय आणि आरोग्यसेवा व्यवस्थापकांचा मधला वार्षिक पगार तिथल्या श्रम खात्याच्या मे २०२४च्या आकडेवारीत १,१७,९६० डॉलर आहे, आणि हा आकडा इथल्या एजंटांच्या फलकांवर ठळक छापलेला असतो. पण तो अनुभवी लोकांचाही धरून आहे. मेडिकेअरची बिलं, राज्याराज्यांचे परवाने यांची सवय असलेल्या स्थानिक माणसाला तिथली रुग्णालयं आधी घेतात. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. शेत विकून तिकडे जाण्याची ही पदवी नव्हे.

सर्वांत कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत चांगली वाट सेवेत असलेल्यांची आहे. मिरजेला भेटलेल्या एका वॉर्ड इन्चार्ज सिस्टरनं चौदा वर्षं नर्सिंग केल्यावर नोकरी न सोडता रुग्णालय व्यवस्थापनाची पदविका केली. इग्नूची अशी एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे, इतरही संस्थांच्या आहेत, खर्च हजारांत येतो. आज त्या तिथल्या नर्सिंग विभागाच्या कारभारात आहेत. रात्री किती सिस्टर लागतात हे त्यांना सूत्र न मांडता कळतं, आणि आता त्यांना ते सूत्र मांडून संचालकांपुढे ठेवताही येतं. डॉक्टरही त्यांचं ऐकतात, कारण त्यांनी स्वतः सलाईन लावलेलं आहे. मुलांना माझा सल्ला म्हणून असा की घाई नसेल तर आधी एखाद्या रुग्णालयात वर्ष-दोन वर्षं मिळेल ते काम करा. रात्रपाळी करा, कॅज्युअल्टीच्या दारात उभे राहा. त्यानंतरही हे काम हवंसं वाटलं तर पदवीला पैसे घाला. वर्गात शिकवलेलं तेव्हा वेगळ्याच तऱ्हेनं कळेल.

त्या लातूरच्या कुटुंबात या वर्षी धाकट्या मुलीच्या प्रवेशाचा विषय निघाला तेव्हा वडिलांनी दोन महाविद्यालयांत स्वतः जाऊन चौकशी केली. प्रश्न थोरल्या मुलीनं लिहून दिले होते. इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आणि किती महिने? तिथे मुलांना कुठल्या विभागात बसवतात? मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत, आणि त्यांच्यातल्या तिघांशी फोनवर बोलता येईल का? नोकरीच्या आकड्यांत सरासरी सांगू नका, सगळ्यात कमी पगार किती मिळाला ते सांगा. अध्यापकांत रुग्णालय चालवलेला माणूस कोण आहे? पहिल्या ठिकाणी समुपदेशकानं माहितीपत्रक पुढे केलं आणि जागा थोड्याच उरल्याचं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी, जुन्या इमारतीतल्या एका संलग्न महाविद्यालयात, विभागप्रमुख बाईंनी त्यांना बसवून घेतलं, चहा मागवला आणि चार माजी विद्यार्थ्यांची नावं काढून दिली. सगळ्यात कमी पगार एकवीस हजार, असं त्यांनी न अडखळता सांगितलं. वडिलांनी तिथूनच दोघांना फोन लावले. एक मुलगा नगरच्या रुग्णालयात साठा विभाग बघत होता, आणि त्यानं त्यांना अर्धा तास दिला. धाकटीचा सीईटीचा फॉर्म भरला आहे.